उकिडवं बसून लावलेला कांदा आणि लुळं पडलेलं पाऊल

तिचं पाऊल मला आधी ऐकू आलं, मग दिसलं. दवाखान्याच्या जिन्यावर एक पाऊल गुपचूप, दुसरं फट्. पुन्हा एक गुपचूप, पुन्हा फट्. टाच टेकल्यावर चवडा सावकाश खाली उतरवायचं काम नडगीच्या पुढच्या स्नायूचं. तो बंद पडला की चवडा फरशीवर आपटतो. ती दारात आली तेव्हा डावा गुडघा नको इतका वर उचलत होती, ओढ्याचं पाणी तुडवत यावं तशी. मागून नवरा, हातात तिची डावी चप्पल घेऊन.

"वाटेत तीनदा निसटली मॅडम. हिला कळतच नाही, मागून मीच उचलत आलो."

वय ३६, राहणार निफाड तालुका, काम शेतमजुरी. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. हे प्रकरण तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. लिहायचं कारण एकच. तिच्या दुखण्याला घरापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांनी 'नस' म्हटलं, प्रत्येकाच्या मनातली नस वेगळी होती, आणि त्यात नऊ दिवस गेले.

नऊ दिवसांची हकिगत

जानेवारी २०२५. संक्रांत उलटली की आमच्याकडे उन्हाळ कांद्याच्या लागवडीची शेवटची घाई असते. बायकांच्या टोळ्या एकरावर उक्तं काम घेतात. उक्त्यात जेवढं उरकेल तेवढा पैसा, म्हणून मध्ये उठून पाय मोकळा करणं कुणालाच परवडत नाही. ही सलग चार दिवस सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत वाफ्यात उकिडवी बसून रोप लावत होती. कशी बसत होतीस, असं विचारलं तर तिने नवऱ्यालाच खाली बसायला लावलं आणि हाताने त्याचे गुडघे नीट मिटवून दाखवले. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताने लावणी, आणि अंगाचा सगळा भार डाव्या पायावर. तसंच सरकत सरकत पुढे जायचं.

आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली, ती मी ठळक लिहून घेतली. दिवाळीच्या आधी तिला डेंगी झाला होता. तेव्हापासून अंग धरलंच नव्हतं, ब्लाउज सैल झाले होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाय बधिर झाला. मुंग्या रोजच यायच्या, तिने मनावर घेतलं नाही. सकाळी उठून चुलीकडे जाताना पाऊल उंबऱ्याला अडखळलं. वरच्या बाजूला चांगलंच खरचटलं होतं, पण ते तिला रक्त बघून कळलं. सासूबाई म्हणाल्या, पायावरून वारं गेलं. नवऱ्याच्या डोक्यात वेगळंच. त्याच आठवड्यात पुण्याच्या सिंहगड रस्ता भागातल्या जीबीएसच्या, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमच्या बातम्या टीव्हीवर दिवसरात्र चालू होत्या. पाय लुळा पडतो एवढं ऐकलं आणि त्या माणसाची झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी एका चोळणाऱ्याने "नस चढली आहे" म्हणत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला अंगठ्याने जोर लावून तेल जिरवलं. पाचव्या दिवशी कुणीतरी गुडघ्याखाली आवळून पट्टी बांधायला सांगितली, 'नसेला आधार' म्हणून. मग एका दवाखान्यात पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी झाली. रिपोर्ट नॉर्मल आला. "नसा चांगल्या आहेत" हे वाक्य घेऊन दोघं घरी परतले, आणि पाऊल होतं तसंच लोंबत राहिलं.

माझ्याकडे आली तेव्हा ती पट्टी पायावर होती. मी पहिली ती सोडली. खाली कातडीवर करकोचा पडला होता, नेमका जिथे पडायला नको तिथेच.

'नस' या शब्दाबद्दल

आपल्या बोलण्यात नस, शीर हे शब्द तीन वेगळ्या वस्तूंसाठी चालतात. रक्त वाहून नेणारी नळी ही नस. टाचेच्या मागे हाताला लागते ती दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, तीही नस. आणि मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारा, स्पर्शाची खबर परत आणणारा मज्जातंतू, तोही नसच. पुस्तकातला 'मज्जातंतू' शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. पेशंटला तो ऐकवला की हाडातल्या मज्जेचं काहीतरी बिघडलं असं वाटतं. शाळेच्या पुस्तकात चेतापेशी, चेतासंस्था हे चांगले शब्द आहेत, पण दहावीनंतर ते कुणी उच्चारत नाही.

हा शब्दांचा कीस नाही. डॉप्लर रक्ताच्या नळ्या बघते. नळ्या खरंच चांगल्या होत्या. बिघडली होती तार, आणि ती डॉप्लरला दिसत नाही. म्हणून हल्ली मी पेशंटशी बोलताना नळी, दोरी आणि तार असे तीन शब्द वापरते. हिलाही तेच सांगितलं.

कुठली तार, कुठे बिघडली

तपासणीत पहिला प्रश्न असा की बिघाड मेंदूत, मज्जारज्जूत, कमरेतून बाहेर पडणाऱ्या मुळात, की खाली पायात. चेतासंस्थेची ही उतरंड डोक्यात पक्की असली की बरंच काही नुसत्या हाताने उकलतं.

पाऊल आणि अंगठा वर उचलणं जवळपास बंद. पाच गुणांच्या मोजपट्टीवर पावलाला १, अंगठ्याला ०. पाऊल बाहेर वळवण्याची ताकद २. पण पाऊल आत वळवणं, चवड्यावर उभं राहून टाच उचलणं, मांडी बाजूला नेणं यांची ताकद पुरी ५. संवेदना कमी कुठे, तर नडगीच्या बाहेरच्या खालच्या भागावर, पावलाच्या पाठीवर, आणि अंगठा व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात सगळ्यात जास्त. तळवा शाबूत. हातोडीने टोकल्यावर गुडघ्याला आणि घोट्याला आपोआप बसणारा झटका दोन्ही पायांत सारखा.

आत वळवण्याची ताकद शाबूत, यावर मी थांबले. कमरेतलं पाचवं मूळ दबलं तरी पाऊल असंच लोंबतं, आणि कंबर दुखणारा, मणक्याची गादी सरकलेला पेशंट तर आमच्याकडे रोजचा. पण ते मूळ दबलं असतं तर पाऊल आत वळवणारा स्नायू आणि कुल्ल्याचा बाजूचा स्नायू, दोघेही कमजोर व्हायला हवेत, कारण त्यांनाही त्याच मुळातून तारा जातात, फक्त वेगळ्या वाटेने. ते दोघे खणखणीत होते. कंबरही दुखत नव्हती. म्हणजे बिघाड मुळाच्या खाली.

वारं जाणं, म्हणजे पक्षाघात, यात सहसा हातही सापडतो, हातोडीचे झटके वाढतात. मेंदूत बिघाड असेल तर तळव्यावर किल्ली ओढली की अंगठा वर जातो, ती बाबिन्स्कीची खूण इथे अर्धीच साक्ष देते, कारण अंगठा वर नेणारा स्नायूच बंद होता. बाकी सगळी चिन्हं मात्र मेंदूकडे बोट दाखवत नव्हती. जीबीएसमध्ये बहुधा दोन्ही पाय सापडतात, अशक्तपणा वर चढत जातो, झटके मंदावतात किंवा जातात. इथे एकच पाय, त्यातही एकाच तारेचा मुलूख, झटके जागेवर. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बोटाला हाडाचा एक उंचवटा लागतो. ते पोटरीच्या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून एक तार पुढे येते. कमरेच्या मुळांतून निघालेली सायटिक ही शरीरातली सगळ्यात जाड तार मांडीच्या मागून येते, गुडघ्याच्या वर दुभंगते आणि तिची बाहेरची फांदी या हाडाला वळसा घालते. तिचं नाव कॉमन पेरोनियल. या वळणावर तिच्या एका बाजूला हाड आणि दुसऱ्या बाजूला फक्त कातडी नि थोडी चरबी. एरवी तारा स्नायूंच्या गादीत सुरक्षित असतात, ही मात्र दारात झोपल्यासारखी उघडी असते. मी तिथे टिचकी मारली तसा तिच्या पावलावर करंट गेला. "आई गं," म्हणाली, आणि मग, "इथंच तर तो चोळत होता."

तिथेच चोळलं, तिथेच पट्टी आवळली. उकिडवं बसल्यावर गुडघा पूर्ण मिटतो आणि मांडीमागची कंडरा, पोटरीचा बाहेरचा स्नायू आणि हाड यांच्या बेचक्यात ही तार चिमटते. डेंगीनंतर अंग वाळलं होतं, तेव्हा मधली चरबीची घडीही गेलेली. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांच्या नावाने हा आजार इंग्रजी पुस्तकांत नोंदलेला आहे. आमच्याकडे कांदा.

एक गोष्ट सोडून चालत नाही. महाराष्ट्रात या हाडाच्या मानेपाशी तार बिघडलेली दिसली की कुष्ठरोग तपासायचाच. हॅन्सनने १८७३ मध्ये शोधलेला तो जंतू तारेभोवती आवरण चढवणाऱ्या, श्वान नावाच्या शास्त्रज्ञावरून ओळखल्या जाणाऱ्या श्वान पेशींमध्ये घर करतो आणि तार बोटाला जाड लागते. हिच्या दोन्ही पायांच्या तारा चाचपल्या, जाडी नव्हती. अंगावर बधिर चट्टे नव्हते. रक्तातली साखर ठीक होती.

एक पेशी, मीटरभर लांब

न्यूरोफिजिशियनकडे, म्हणजे मेंदू आणि तारांच्या डॉक्टरकडे पाठवण्याआधी मी तिला तार म्हणजे काय ते समजावायला बसले. मला हे समजावायला मनापासून आवडतं. पेशंटला आपलं शरीर कळलं की तो व्यायाम टाळत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिच्या पाठीवर बरगड्या संपतात त्या उंचीला बोट ठेवलं. म्हटलं, तुझं पाऊल उचलणारी पेशी इथे राहते. मज्जारज्जूच्या करड्या भागात, पुढच्या बाजूला. पेशीचं अंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, त्याला झाडाच्या डहाळ्यांसारखे शिखातंतू, ज्यांवर वरून मेंदूचे आणि शेजारच्या पेशींचे निरोप येऊन टेकतात. आणि त्याच पेशीचा एक लांब तंतू, अक्षतंतू, मणक्यातून बाहेर पडतो आणि न तुटता, मध्ये जोड न घेता, थेट नडगीच्या नाहीतर पावलाच्या स्नायूपर्यंत जातो. पेशीचं अंग कांद्याएवढं धरलं तर तिची तार किलोमीटरभर. त्या तारेला लागणारी प्रथिनं, दुरुस्तीचा माल, सगळा त्या कांद्यात तयार होतो आणि तिथून खाली वाहून नेला जातो. खालून वर खबर नेणाऱ्या पेशी वेगळ्या. त्यांची अंगं मज्जारज्जूच्या बाहेर, मणक्याच्या शेजारच्या गाठींत असतात. त्यांचे तंतू मात्र याच तारेतून जातात. म्हणून ताकद आणि स्पर्श दोन्ही एकदम गेले.

"मंग ती किलोमीटरभर उघडीच ऱ्हाती?" तिने विचारलं.

उघडी राहत नाही. श्वान पेशी तारेभोवती स्वतःचंच आवरण गुंडाळत जाते, पदरावर पदर, पदरावर पदर. हे मायलिन. एक श्वान पेशी तारेचा जेमतेम मिलिमीटरभर तुकडा झाकते, पुढचा तुकडा पुढची झाकते. म्हणजे मीटरभराच्या एका तंतूला हजारभर श्वान पेशी ओळीने बसलेल्या. दोन तुकड्यांमध्ये बारीक फट राहते, तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. विजेचा निरोप या फटींवरून उड्या घेत पळतो, म्हणून पायाच्या तारेत तो सेकंदाला ४०-५० मीटर जातो. आवरणच नसतं तर तो रखडत गेला असता.

पदरावर पदर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते वेगळं सांगायला नको. मी चित्रात गोलात गोल काढत होते. ती म्हणाली, "कांदाच की हा." पॅथॉलॉजीतही वारंवार आवरण जाऊन पुन्हा चढलेल्या तारेचा छेद कांद्यासारखा दिसतो आणि त्याला कांद्याचंच नाव आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तिचा तो आजार नव्हता, हेही लगेच सांगितलं.

आता तार दबते म्हणजे काय. दाब थोडका आणि थोडा वेळ असला तर तारेचा रक्तपुरवठा कमी होतो, पाय झोपतो, मुंग्या येतात, उठलं की दहा मिनिटांत सगळं जागेवर. दाब तासन्‌तास, दिवसेंदिवस राहिला तर गाठींजवळचं मायलिन दाबाखालून सरकतं, एका तुकड्यात दुसरा घुसतो, नळीत नळी सरकावी तसा. मग आवरण फाटतं. आतला तंतू जिवंत असतो, पण उडी मारायची फटच बिघडली म्हणून निरोप तिथे अडतो. त्याहून जास्त झालं तर तंतूच तुटतो, आणि तुटला की तुटल्या जागेच्या खालचा सगळा भाग झडतो, कारण त्याला पोसणारी पेशी वर आहे. बेडकाच्या जिभेच्या तारा कापून वॉलरने १८५० मध्ये हे दाखवलं, म्हणून या झडण्याला त्याचं नाव आहे. १९४३ मध्ये सेडनने या इजांचे तीन वर्ग मांडले: नुसता अडथळा, तंतू तुटलेला पण बाहेरची नळी शाबूत, आणि सगळीच तार तुटलेली. आजही आम्ही तेच वापरतो, कारण पेशंटचा खरा प्रश्न 'किती दिवस' हा असतो आणि त्याचं उत्तर या वर्गात असतं.

आवरण गेलं असेल तर श्वान पेशी वाढून नवे पदर चढवतात. काही आठवडे, फार तर तीनेक महिने. तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढत यायचा.

ती थोडा वेळ चित्राकडे बघत राहिली. "म्हणजे साल गेली का कोंब गेला, ते बघायचंय."

अगदी हेच बघायचं होतं. इतक्या वर्षांत हा भेद मला याहून नीट कुणी सांगितला नाही.

रिपोर्ट

तारेची विद्युत तपासणी लगेच केली तर फसवते. तुटलेल्या तंतूचा खालचा भागही काही दिवस विजेला उत्तर देत राहतो, आणि साल गेली की कोंब हे तेव्हा वेगळं कळत नाही. म्हणून न्यूरोफिजिशियननी ती बिघाडापासून विसाव्या दिवशी केली. घोट्यापाशी आणि हाडाच्या मानेच्या खाली उत्तेजना दिली तेव्हा पावलावरच्या छोट्या स्नायूने बऱ्यापैकी जोराचं उत्तर दिलं, उजव्या पायाहून जरा कमी. मानेच्या वरून दिली तेव्हा उत्तर चौथाईवर आलं आणि वेगही त्या दोन-चार बोटांच्या पट्ट्यात पडला. अडथळा नेमका वळणावर. बहुतेक कोंब जिवंत. थोडे मात्र गेलेले, म्हणून उजव्याहून ते कमीपण.

अंगठा सगळ्यात जास्त का बिघडला याचंही उत्तर रचनेत आहे. एकच तार दिसली तरी तिच्या आत तंतूंचे जुडगे असतात, प्रत्येकाला वेगळं वेष्टन. या वळणावर पाऊल आणि अंगठा उचलणारा जुडगा हाडाच्या बाजूला असतो, पाऊल बाहेर वळवणारा जरा सुरक्षित.

उपचार

पट्टी गेली ती गेली. उकिडवं बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं पूर्ण बंद. घरात शौचालय भारतीय पद्धतीचं, म्हणून नवऱ्याने खुर्ची आणली. झोपताना त्या उंचवट्याखाली काही टोचू नये म्हणून गुडघ्याखाली मऊ घडी. चालताना पाऊल काटकोनात धरणारा हलका स्प्लिंट. त्याची वरची पट्टी त्याच वळणावर येऊ नये म्हणून दोन बोटं खाली घेऊन बसवून दिली. स्प्लिंटमुळेच पुन्हा तार दबलेले पेशंट मी पाहिले आहेत. दिवसातून तीनदा टाचेची दोरी ताणायची, नाहीतर तार बरी होईपर्यंत ती आखडून बसते आणि मग पाऊल वर येऊ देत नाही. रोज रात्री पावलाची पाठ डोळ्यांनी तपासायची, कारण लागलं तरी कळणार नाही. विजेच्या मशीनने स्नायू उडवून घ्यायचा तिचा फार हट्ट होता. मी थोडे दिवस दिलं, स्नायू हलताना दिसला की धीर येतो म्हणून. तार त्याने लवकर भरते असा माझा विश्वास नाही, आणि तसं तिला सांगितलंही.

सासूबाई एकदा सोबत आल्या. मी त्यांना म्हटलं, आत्या, वारं मेंदूत जातं तेव्हा तिथल्या तारांना ही श्वान पेशीची सोय नसते. तिथलं मायलिन दुसरी पेशी चढवते, एकेक पेशी कितीतरी तंतूंना सांभाळते, आणि तुटलेला तंतू तिथे सहसा पुन्हा वाढत नाही. पायातली तार वाढते. त्यांनी विचारलं, "म्हंजी हिचं नशीब बरं?" मी हो म्हटलं.

पाचव्या आठवड्यात नडगीच्या स्नायूवर बोट ठेवलं तेव्हा कातडीखाली लहर जाणवली. नवव्या आठवड्यात पाऊल ४ गुणांवर आलं, स्प्लिंट फक्त बाहेर जाताना. बाराव्या आठवड्यात ती टाचांवर चालून दाखवू शकली, डावी टाच जरा डगमगत. बेचक्यातला बधिरपणा शेवटी गेला, तोही पूर्ण नाही.

तेव्हा एप्रिल चालू होता, कांदे काढायचे दिवस. जाऊ नको असं सांगणं मला शक्य नव्हतं, घर त्यावर चालतं. उक्त्याऐवजी रोजाने जायचं, गोणपाट भरून केलेल्या जाड बैठकीवर बसायचं आणि प्रत्येक वाफ्याला उठून उभं राहायचं, एवढं ठरलं. टोळीच्या मुकादमबाईंशी मी फोनवर बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्यात अजून दोघींना असंच होतं, पण त्या सकाळपर्यंत बऱ्या होतात. त्या दोघींना मी बोलावलं आहे, त्या अजून आलेल्या नाहीत.

अंगठा मागे राहिला. त्याचा स्नायू वळणापासून वीसेक सेंटिमीटर खाली, म्हणजे ज्या थोड्या तंतूंचा कोंब गेला होता त्यांना दिवसाला मिलिमीटरने सहा-सात महिने हवेत. जूनच्या भेटीत मी माझं बोट तिच्या अंगठ्यावर ठेवून म्हटलं, वर ढकल. त्याने ढकललं, थोडा वेळ धरलं, मग सुटला. ती स्वतःच म्हणाली, "अजून दोन-तीन महिने ना?" पुढची तारीख सप्टेंबरची दिली आहे.